गोठ्याची घरपट्टी

आमचं घर दोन मजली होतं, पक्क्या विटांचं, पुढं दगडी ओटा असलेलं. पण ग्रामपंचायतीच्या लेखी तो गोठा होता. पूर्वी त्या जागेवर खरोखरच गोठा होता म्हणे. माझ्या पणजोबांनी, तोताराम पाटलांनी, मिरचीच्या चांगल्या सालांत तिथं घर उभं केलं, बैल मळ्यात हलवले, आणि पंचायतीला कळवायचं राहून गेलं. ‘राहून गेलं’ हा आमच्या घरातला शब्द. गावातला शब्द वेगळा होता, तो इथं लिहीत नाही. त्यामुळं आजूबाजूच्यांना मातीच्या घरांची पट्टी लागायची आणि आम्हांला गोठ्याची, सव्वा रुपया. शाळेत भांडण झालं की मुली मला म्हणायच्या, “गोठ्यात राहणारी बोलतेय बघा.” मी घरी येऊन रडले तर आजोबा मिशीतल्या मिशीत हसत. “मंग काय व्हयनं? ढोरं सुखी ऱ्हातंस,” म्हणत. हे लिहिताना मला गंमत वाटते, कारण पुढं माझी सगळी नोकरी लोकांकडून कर गोळा करणाऱ्या खात्यात गेली.

दोंडाईच्याहून आत वळलं की आमचं गाव. कोरडवाहू रान, ज्वारी, बाजरी, कपाशी, आणि ज्याच्या विहिरीला थोडंफार पाणी त्याच्या मिरच्या. उन्हाळ्यात गल्लीभर मिरचीचा खाट सुटायचा, आल्यागेल्याला ठसका लागायचा आणि त्या ठसक्यावरूनच कळायचं की पाहुणा परगावचा आहे. आमच्या घरात सकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, तेल घातलेला ठेचा, कांदा. सणावाराला खापरावरची पुरणपोळी. कढी-फुनके, म्हणजे कढीबरोबर वाफवलेले डाळीचे मुटके, ते तर माझ्या मायच्या हातचे. माय असोद्याची. म्हणजे जळगावकडची, केळीच्या आणि पाण्याच्या मुलखातली. लग्न होऊन आली तेव्हा इथला पाण्याचा हिशेब पाहून ती आठवडाभर घाबरलेली होती, असं तीच सांगायची. सासरी तिला सगळे ‘असोदेवाली’ म्हणत. तिची बोली आमच्यापेक्षा वेगळी, आम्ही ‘शे’ म्हणायचो आणि ती ‘हाये’ म्हणायची, त्यावरून चुलत्या तिला चिडवायच्या. ती हसायची आणि आपलंच खरं करायची. वीस वर्षं या गावात राहून तिनं ‘हाये’ सोडलं नाही.

आजोबांचं नाव गणपत, पण सगळा गाव त्यांना आबा म्हणे, आम्हीही. आबांचा आवाज हा गावाचा ऐवज होता. दर हनुमान जयंतीला मारुतीच्या पारावर भंडारा व्हायचा. शेणीच्या आरावर बट्ट्या भाजल्या जायच्या, मग कापून तुपात तळायच्या, मोठ्या घमेल्यांत वरण, शेजारी घोटलेली वांग्याची भाजी. पण भंडाऱ्याचा खरा सोहळा जेवणाआधी असायचा, तो वर्गणीचा. पिंपळाच्या फांदीला भोंगा बांधलेला, आबा माईकसमोर फेटा बांधून बसलेले, आणि त्यांच्या उजव्या कानाशी एक माणूस. लोक येऊन त्या माणसाच्या हातात पैसे देत, तो आबांच्या कानात नाव आणि रक्कम पुटपुटे आणि आबा ते गावभर करत. “दगडू लोटन पाटील यांच्याकडून एकवीस रुपये... बोला बजरंगबली की...” आणि सगळा पार “जय” म्हणे. कानात पडेल ते तोंडातून काढायचं, मध्ये विचार करायचा नाही, ही आबांची रीत. म्हणूनच त्यात लय होती. ज्याचं नाव एकदा भोंग्यावरून गेलं, तो मान वर करून जेवायला बसायचा. कोणी अकरा दिले की त्याचा भाऊबंद एकवीस देई, मग पहिला पुन्हा येई. उधारीनं तेल आणणारी माणसंसुद्धा त्या दिवशी कनवटीची नोट काढत. वर्गणी बुडवणारा माणूस आमच्या गावानं पाहिलेला नव्हता.

आणि माय सरपंच झाली ती अपघातानं. गावात दोन पार्ट्या होत्या, दोन्हींकडचे म्हातारे आपापसांत सोयरे, आणि कोणीच माघार घेईना. शेवटी तालुक्याच्या एका पुढाऱ्यानं तोड काढली, की एखाद्या बाईला बसवा, म्हणजे कोणाचीच हार नको. आबा त्यातल्या त्यात वजनदार, त्यांची सून सातवी शिकलेली, ठरलं. दोन्ही पार्ट्यांना वाटलं, ही घुंगट घेणारी बाई, आपण बोट ठेवू तिथं सही करील. माझे वडील, नाना, मळा भला आणि आपण भले असे होते. त्यांनी मायला एवढंच विचारलं, “झेपेल का?” माय म्हणाली, “बघते.”

एक गोष्ट इथं सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडं सून सासऱ्याशी बोलत नसे. भांडण होतं म्हणून नाही, रीत म्हणून. माय आबांसमोर आली की पदर नाकापर्यंत, आणि तोंडातून शब्द नाही. आबाही तिला थेट काही सांगत नसत. दोघांच्या मध्ये मी. “शोभे, तुनी मायले सांग, भाजीत मीठ कमी शे,” असं आबा म्हणत. माय दोन हात अंतरावरच उभी असे. तरी मी वळून म्हणायचं, “माय, मीठ कमी आहे.” माय म्हणायची, “आबांना सांग, उद्या बघते.” मी पुन्हा वळायचं. सरपंच झाल्यावरही हे असंच चाललं. गावच्या सरपंचबाईला आपल्या घरच्या म्हाताऱ्याशी बोलायला दहावीतल्या पोरीची मध्यस्थी लागत होती. आज माझी सून मला “अहो आई, तुम्ही जरा गप्प बसा” असं सरळ तोंडावर सांगते, तेव्हा मला हे सगळं आठवतं आणि मी खरोखर गप्प बसते.

त्या वर्षी मी दहावीत होते. सकाळची एसटी पकडून दोंडाईच्याच्या शाळेत जायचं. गावात नळयोजना नवी नवी होती. नदीकाठच्या विहिरीवरची मोटर चालायची, टाकी भरायची आणि पहाटे चौकातल्या नळाला फस्स करून आधी वारा यायचा, मग पाणी. तो फस्स आवाज झाला की मी अंथरुणातून उठायचे. हंडे भरायचे, वेणी घालायची, एसटी धरायची. नळ नव्हते तेव्हा माझी चुलत बहीण शिकत होती, तिची शाळा सातवीतच सुटली, कारण सकाळचं पाणी नदीतल्या झिऱ्यावरून आणायचं असे आणि एसटी कोणासाठी थांबत नाही. माझं शिक्षण त्या मोटरवर चाललेलं होतं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती नाही.

आणि हिवाळ्याच्या शेवटी एक दिवस नळ फस्स म्हणालाच नाही. वीज बोर्डाची माणसं येऊन मोटरची जोडणी कापून गेली होती. बिल थकलेलं. का थकलं, तर पंचायतीत पैसा नाही. का नाही, तर गावानं कित्येक सालं घरपट्टी आणि पाणीपट्टी भरलेलीच नव्हती. आमचा गोठा त्यातल्या त्यात नियमित होता, सव्वा रुपयात काय जातंय. ग्रामसेवकांना आमच्याकडं भाऊसाहेब म्हणतात. ते बिचारे मायला म्हणाले, “सरपंचबाई, मी घरोघर चपला झिजवल्या. कोणी देत नाही.” मग माय स्वतः फिरली, मला बरोबर घेऊन. काय काय ऐकलं आम्ही. एक म्हणाला, सरकारनं आधी रस्ता करावा मग पट्टी मागावी. एक म्हणाला, मी पाटील, मी कोणाच्या बापाला पट्टी देत नाही. एका आजीनं आम्हांला चहा दिला, मायेनं पाठीवरून हात फिरवला, आणि पैसे मागितल्यावर तिला ऐकूच येईना.

पाणी पुन्हा झिऱ्यावर गेलं. वाटीनं वाळूतलं पाणी हंड्यात भरायचं, तोवर ऊन वर यायचं. माझी एसटी चुकायला लागली. आबांनी ओट्यावर बसून निकाल दिला, “शोभे, तुनी मायले सांग. नळ येत नही तोपावत पोरगीनी शाया बंद. घरमा पानी नही आन् पोरगी पुस्तकं वाची ऱ्हायनी, हाई कसं चाली?”  मी वळून मायला सांगायला तोंड उघडलं. माय म्हणाली, “राहू दे. ऐकलं मी.”  दहावीचं वर्ष, परीक्षा तोंडावर, आणि मला माहीत होतं की एकदा सुटलेली शाळा आमच्या गावात कोणाला परत मिळालेली नाही.

हनुमान जयंतीला अजून अवकाश होता, पण भंडाऱ्याच्या तयारीची बैठक झाली आणि रीतीप्रमाणं पहिल्या वर्गणीची नावं भोंग्यावरून गेली. माय घरात भाकरी थापत होती. आबांचा आवाज येत होता, अमक्याचे एकवीस, तमक्याचे एक्कावन्न. ज्यानं ‘कोणाच्या बापाला देत नाही’ म्हटलं होतं त्याचे एक्कावन्न. मायचा हात भाकरीवर थांबला. ती मला म्हणाली, “शोभे, हे लोक कंजूस नाहीयेत गं. पट्टी भरली तर कोणाला कळतं? भाऊसाहेब पावती देतात, ती दिवळीत जाते. मारुतीला दिलं तर सगळ्या गावाला कळतं.” भाकरी करपली. आमच्या घरात करपलेली भाकरी ही बातमी असायची, पण त्या दिवशी मायनं ती तशीच टोपलीत टाकली.

दुसऱ्या दिवशी मी निरोप घेऊन ओट्यावर गेले. “आबा, माय विचारते, पट्टी भरणाऱ्यांची नावं तुम्ही भोंग्यावर सांगाल का? ती म्हणते, तुमच्यासारखा आवाज कोणाचा नाही.” ते शेवटचं वाक्य मी पदरचं घातलं होतं. आबांनी फेटा काढून पुन्हा बांधला. “सांग तिले, सांगस,” म्हणाले. आबा मनानं वाईट नव्हते. माईक हातात आला की त्यांना दुसरं काही सुचत नसे.

तर संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी पारावर भोंगा लागला. आबा बसले, कानाशी भाऊसाहेब बसले, आणि माय पारालगतच्या पंचायतीच्या खोलीत दाराआड. पहिला आला तो दगडू लोटन; त्याला वाटलं, वर्गणीच चालू आहे. भाऊसाहेबांनी त्याचा गैरसमज दूर केला तोवर चार लोक बघत होते, परत कसं जाणार? भरले. “दगडू लोटन पाटील, घरपट्टी पाणीपट्टी चालू सालची चोख... बोला बजरंगबली की...” “जय.” त्याचा भाऊबंद घरून धावत आला आणि मागच्या सालासकट भरून गेला. बायका दारांत उभ्या राहून ऐकत होत्या. ज्याचं नाव येत नव्हतं त्याच्या घरातून कुजबुज सुरू झाली. दोन-तीन संध्याकाळी हे असं चाललं आणि भाऊसाहेबांचा चेहरा उजळायला लागला. अजून थोडं जमलं की बोर्डात जाऊन जोडणी परत मागता आली असती. मी रोज दप्तराची धूळ झाडून ठेवत होते.

आणि मग ती संध्याकाळ आली. नाना सकाळीच मळ्यात जाताना पंचायतीत आमची पट्टी भरून गेले होते, मुकाट, दरवर्षीसारखी. भाऊसाहेबांनी ते नाव त्याच्या पाळीनं आबांच्या कानात सांगितलं. आबा रंगात होते. कानात पडलं ते तोंडातून निघालं. “गणपत तोताराम पाटील, गोठा, सव्वा रुपया... बोला बजरंगबली की...” पार “जय” म्हणाला.  मग पोरं हसली, मग दगडू लोटन हसला, मग त्या पिंपळाखाली इतकं हसू झालं की माईकमधून ते भोंग्यावर गेलं आणि ज्यांनी ऐकलं नव्हतं तेही घरातून बाहेर आले. कोणीतरी ओरडलं, “आबा, गोठामा कडबा शे ना?” आबांनी माईक खाली ठेवला. उठले, काठी घेतली आणि कोणाकडं न बघता चालायला लागले. मी मागं धावले. त्यांचे कान लाल झाले होते. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण वाईटच वाटलं. त्यांच्याकडं त्या आवाजाशिवाय दुसरं मोठेपण नव्हतं आणि त्या आवाजानंच त्यांना उघडं पाडलं होतं.

मायनं हे मुद्दाम घडवलं होतं का, असं मी तिला पुढं खूप वर्षांनी विचारलं. ती पदर सारखा करत म्हणाली, “मले काय ठाऊक? भाऊसाहेबांच्या तोंडाची आन् आबांच्या कानाची गोष्ट.” मला अजूनही नक्की सांगता येणार नाही.

आबा घरी आले नाहीत. मळ्यातल्या गोठ्यात, बैलांशेजारी, खाट टाकून राहिले. नानांनी हातापाया पडून पाहिलं. “मी गोठामा ऱ्हास ना? मंग ऱ्हाऊ द्या गोठामा,” एवढंच उत्तर. पारावर नावं सांगायला पाटलाचा नथ्थू बसवला, पण त्याचा आवाज नाकातला, आणि तो माईकला घाबरायचा. नावं ऐकायला कोणी थांबेना, म्हणून भरायलाही कोणी येईना. बोर्डाचे पैसे थोडक्यासाठी अडले. माझी शाळा तिथंच अडली. वरून गावात एक नवं बोलणं सुरू झालं, की सरपंचाच्या घरचा गोठा आणि आम्ही काय म्हणून घराची पट्टी भरायची?  मायनं घरपट्टीची मोजणी नव्यानं करून घेतली असती, सरपंच म्हणून तिला तो अधिकार होता. पण घर आबांच्या नावावर, आणि ती म्हणाली, “म्हाताऱ्याच्या पाठीमागं फीत लावणार नाही मी.”

भाकरी घेऊन रोज माय स्वतः मळ्यात जायची, मी बरोबर. आबा पाठ करून बसत. भाकरी खात, पण पाठ तशीच. एक दिवस तिथं सोनाबाई खुरपत होती. सोनाबाई आमच्या मळ्यात मजुरीला यायची; गावाबाहेर, नाल्यापलीकडं तिचं कुडाचं खोपटं होतं, आणि लेक साक्रीकडं दिलेली. ती कपाळाचा घाम पुसत मायला म्हणाली, “सरपंचबाई, बठ्ठासनं नाव भोंगावर ऊनं. मनं नाव कव्हय येई?”

माय म्हणाली, “तुझ्या खोपट्याला पट्टी नाही सोनाबाई. ती जागा पंचायतीत लागलेलीच नाही.”

“मंग आम्ही सरकारले काहीच देतंस नही?” सोनाबाईचा सूर विचारण्याचा होता, पण त्यात थोडं खट्टू होणंही होतं. नाव यावं असं तिला मनापासून वाटत होतं.

माय बांधावर बसली. आबांची पाठ चार हातांवर होती. माय सोनाबाईकडं बघत, पण नेहमीपेक्षा मोठ्यानं बोलायला लागली. “देतेस. रोज देतेस. काडीपेटी घेतेस ना वाण्याकडून? तिच्या किमतीत सरकारचा कर धरलेला हाये. साखर घेतेस, त्यात हाये. रॉकेलात हाये. लेकीकडं साक्रीला एसटीनं जातेस, त्या तिकिटात हाये. मले हे धुळ्याला सरपंचांच्या शिबिरात सांगितलं तेव्हा मीही अशीच बघत राहिले होते. तुला कोणी मागायला येत नाही आन् पावती देत नाही, म्हणून तुला माहीत नाही. पण तुझी पट्टी एक दिवस चुकत नाही.”

सोनाबाईनं खुरपं खाली ठेवलं. “म्हंजे मी भरी बी टाकं आन् मले ठावं बी नही?”

“भरलंस. सगळ्या राज्यातले रस्ते, दवाखाने, शाळा, त्यात तुझा पैसा हाये. या शोभीच्या शाळेत हाये.”

सोनाबाई माझ्याकडं बघायला लागली. मग खुदकन हसली. “पोरी, मंग शायामा काबरं जात नही? मना पैसा वाया गया ना.”

 माय उठली, डबा मला देऊन पुढं गेली. मी आबांचं जेवण होईपर्यंत थांबले. आबांनी हात धुतले. खिशातून बिडी काढली, काडीपेटी काढली. पेटी उलटसुलट करून पाहिली. “शोभे, काडीपेटीवर खरंच लागस का?” मी म्हटलं, “माय खोटं बोलत नाही आबा.” त्यांनी काडी ओढली, बिडी पेटवली, आणि सोनाबाई खुरपत होती तिकडं बराच वेळ बघत राहिले. वाऱ्यावर गावाकडून नथ्थूचा नाकातला आवाज येत होता, कोणाचं तरी नाव तो अर्धं गिळत होता. आबांनी तोंड वाकडं केलं. “हाई काय नाव सांगणं व्हयनं?” म्हणाले, ते मला नाही, बैलांना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नथ्थू माईकशी खाकरत होता तेव्हा आबा पारावर आले. फेटा नीट बांधलेला. नथ्थू स्वतःच उठला, खरं तर सुटला. आबा बसले. भाऊसाहेब कानाशी वाकले तसे आबांनी त्यांना हातानं बाजूला केलं. आज कानात कोणाची गरज नव्हती. भोंगा खरखरला. मी माय उभी होती त्या दारात होते. लोकांनी हसायची तयारी केली होती, मला दिसत होतं.

“गणपत तोताराम पाटील,” आबा म्हणाले. “घर. दोन मजला. पक्कं. गोठा नही शे.”  आणि मग, पिंपळावरच्या त्या भोंग्यावरून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं, “सरपंचबाई, सकायले फीत ली या. मनं घर मोजी ल्या.”

माझ्या आयुष्यात आबा मायशी थेट बोललेले ते पहिले शब्द. माझ्याकडं कोणी वळलं नाही, मला काही पोचवायचं नव्हतं. मायनं दाराची चौकट धरली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पदर घ्यायचं तिला सुचत नव्हतं. कोणी हसलं नाही. आबांनी माईक सोडला नव्हता. “आनखी एक नाव ऱ्हायनं,” ते म्हणाले. “सोनाबाई. नालापल्याडनी. काडीपेटी, साखर, एसटीनं तिकीट. चालू सालनं चोख. बोला बजरंगबली की...” पार “जय” म्हणाला, जरा गोंधळून, पण म्हणाला. नाल्याच्या बाजूनं कोणीतरी बाई मोठ्यानं हसल्याचं मला ऐकू आलं.

घर मोजलं. त्याच्यामागं गावातली आणखी काही घरं मोजली गेली, त्यांत शिव्याशाप झाले, दगडू लोटनचं अंगण कोणाच्या हिशेबात धरायचं यावरून दोन आठवडे वाद झाला. पण बोर्डाची माणसं जोडणी करून गेली, आणि एका पहाटे नळ फस्स म्हणाला. मी अंथरुणात उठून बसले. आबा बाहेरून ओरडले, “शोभे, एसटी चुकी जाई ना.” या वेळी त्यात ‘तुनी मायले सांग’ नव्हतं.

दहावी झाली, पुढची शिक्षणं झाली, आणि मी जळगावला विक्रीकराच्या कचेरीत लागले. माझा पुण्यातला भाचा हल्ली जेवणाच्या टेबलावर म्हणतो, “मावशी, आम्हीच टॅक्स भरतो आणि बाकीचा देश फुकट खातो.” मी त्याच्यापुढं काडीपेटी ठेवते. त्याला वाटतं, गॅस पेटवायला सांगतेय. इतकी वर्षं मी व्यापाऱ्यांची विवरणं तपासली, विक्रीकर जाऊन दुसरे कर आले, त्यांची नावं बदलली, पण बांधावर बसून मायनं सांगितलं त्यापेक्षा जास्त मला या विषयातलं काही समजलं, असं मी म्हणणार नाही.

पहिला पगार घेऊन मी गावी गेले. आबा थकले होते, दात गेले होते, भोंगा केव्हाच मोडीत गेला होता. पगाराच्या चिठ्ठीवर ‘व्यवसाय कर’ म्हणून थोडी रक्कम कापलेली होती. तेव्हा त्या करातून रोजगार हमीची कामं चालत. मी आबांना वाचून दाखवलं आणि सांगितलं, की सोनाबाई हल्ली रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाते ना, तिची मजुरी यातून निघते. आबांनी ती चिठ्ठी हातात घेतली. वाचता येत नव्हतं, तरी घेतली. मग म्हणाले, “तुनं नाव कोनी सांगं?”

“कोणी नाही आबा. कचेरीत असं कोणी सांगत नाही.”

ते काठी टेकत उठले. नको नको म्हणताना ओट्याच्या कडेला गेले आणि दोन्ही हात तोंडाशी धरले. घराघरांतून टीव्हीचे आवाज येत होते, गल्लीत एक कुत्रं तेवढं होतं. “शोभा रामदास पाटील,” आबा ओरडले, “गणपत तोतारामनी नात. पगारमाईन कापेल. चोख...” पुढचं खोकल्यात गेलं. माय आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली, डोक्यावर पदर होता पण तोंड उघडं.

कोणी बाहेर आलं नाही. फक्त कामावरून परत येणारी सोनाबाई, डोक्यावर पाटी, गल्लीच्या तोंडाशी थांबली. “आबा, आवाज बसना तुमना,” ती म्हणाली.

“बसू दे,” आबा म्हणाले. “नाव गयं का?”

“गयं आबा. नालापल्याड गयं.”